पुरळ नव्हतं, खाज नव्हती, मग ॲलर्जी ओळखायची कशी?

पत्र असं आहे:

ताई, मी इमर्जन्सी विभागात नर्स म्हणून लागले त्याला चार महिने झाले. मागच्या आठवड्यात एक बाई हाताला टाके घालायला आल्या होत्या, त्यांना शिरेतून अँटिबायोटिक दिलं आणि पाचेक मिनिटांत त्या म्हणायला लागल्या की कसंतरीच होतंय, जीव घाबरा होतोय. मग उलटी झाली, पोटात कळ आली. अंगावर पुरळ नाही, सूज नाही, खाज नाही. आम्हाला वाटलं रक्त बघून घाबरल्या असतील. ज्युनियर डॉक्टरांनी उलटी थांबायचं इंजेक्शन सांगितलं, ते दिलं. परत उलटी येत होती म्हणून मी त्यांना उठवून बसवलं आणि त्या माझ्या हातातच कोसळल्या, नाडी लागेना. सीनियर मॅडम धावत आल्या, मांडीत ॲड्रिनलिन टोचलं, पाच मिनिटांनी परत एकदा, दोन लिटर सलाईन गेलं आणि बाई वाचल्या. मला कुणी काही बोललं नाही, पण झोप नाहीये. पुरळ नसताना ओळखायचं कसं? आणि खरं सांगते, ॲड्रिनलिनची मला भीती वाटते, ते आम्ही फक्त हार्ट बंद पडल्यावर देताना बघितलंय. आधी ॲलर्जीचं साधं इंजेक्शन आणि स्टेरॉइड देऊन बघितलं तर नाही का चालत? त्या बाई टाके काढायला येणारेत, त्यांच्यासमोर कशी जाऊ?

ताई म्हणून लिहिलंस म्हणून अगं-तुगंच करते.

आधी ते उठवून बसवण्याचं बोलू, कारण तुझी झोप तिथेच अडकलीय असं पत्रावरून दिसतंय आणि ते नीट समजल्याशिवाय बाकीचं डोक्यात शिरणार नाही. उलटी होणाऱ्या माणसाला उठवून बसवायचं, पाठीवरून हात फिरवायचा, हे आपण सगळेच लहानपणापासून बघत आलोय, तुझे हात आपोआप तिकडे गेले. पण त्या वेळी त्या बाईंच्या अंगात काय चाललं होतं बघ. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अंगभर झपाट्याने पसरणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीत, रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर आजूबाजूला जातं, आणि हे इतक्या झपाट्याने होतं की दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांतला एक तृतीयांश द्रव बाहेर गेलेला असू शकतो. लादीवर एक थेंब रक्त सांडलेलं नसतं तरी माणूस मोठा रक्तस्राव झाल्यासारखा रिकामा झालेला असतो. आडवं असताना हृदयाकडे जेमतेम पुरेल एवढं रक्त परत येत असतं आणि अशात तो उठून बसला की उरलंसुरलं खाली पायांत उतरतं, हृदयाला ढकलायला काही राहतच नाही. रिचर्ड पम्फ्री या ब्रिटिश इम्युनॉलॉजिस्टने ॲनाफिलॅक्सिसने दगावलेल्या लोकांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या, आणि २००३ मध्ये त्यांनी हेच मांडलं की त्यातले काही जण आडवे होते तोवर तग धरून होते आणि बसवल्यावर किंवा उभं केल्यावर काही सेकंदांत गेले.

म्हणून असा पेशंट आडवा ठेवायचा, पाय वर करायचे. उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचं, डोकं खालीच. श्वास लागत असेल आणि आडवं सोसत नसेल तर पाठ टेकवून बसू दे, पण पाय समोर पसरलेले असू देत, कॉटवरून खाली लोंबकळत नाही. गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. आणि बरं वाटायला लागलं तरी बाथरूमपर्यंत चालत पाठवायचं नाही, बेडपॅन द्यायचं, पेशंट कितीही लाजला तरी. स्ट्रेचरवरून बेडवर हलवतानासुद्धा आडवंच हलवायचं.

आता ओळखायचं कसं. पुरळ शोधत बसायची सवय आपल्या सगळ्यांना लागलेली आहे, कारण शिकवतानाच आपल्याला लालबुंद, सुजलेल्या ओठांचा फोटो दाखवतात. प्रत्यक्षात १० ते २० टक्के लोकांमध्ये कातडीवर काहीच दिसत नाही. कधी ते कपड्याखाली असतं, काखेत, मांडीवर, डोक्यात केसांखाली, आणि आपण फक्त चेहरा आणि हात बघितलेले असतात. आणि एक गोष्ट जी मला खूप उशिरा कळली ती अशी की बीपी एकदम खाली गेलेलं असताना कातडीपर्यंत रक्तच पोचत नाही, मग पुरळ उठणार कशाने, ॲड्रिनलिन आणि सलाईन देऊन बीपी वर आलं की मग अंगभर गांधी उठतात आणि नातेवाईक घाबरून सांगतात की तुमच्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं. तुझ्या त्या बाईंना नंतर उठलं होतं का हे केसपेपरवर बघ.

मी दोन प्रश्न विचारते मनात. पहिला, अचानक सुरू झालंय का, आणि कातडी किंवा ओठ-जिभेच्या सुजेच्या जोडीला अजून काही आहे का, म्हणजे श्वास, बीपी, किंवा थांबतच नाही अशी उलटी आणि पोटात कळा. दुसरा, ज्याने रिॲक्शन येऊ शकते असं काही नुकतंच पोटात, शिरेत किंवा अंगाला गेलंय का आणि त्यानंतर बीपी पडलंय किंवा छातीत घरघर सुरू झालीय किंवा आवाज बदललाय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर कातडी पूर्ण स्वच्छ असली तरी ते ॲनाफिलॅक्सिस धरायचं. जगभरच्या ॲलर्जी तज्ज्ञांची जी संस्था आहे, वर्ल्ड ॲलर्जी ऑर्गनायझेशन, त्यांनी २०२० च्या मार्गदर्शनात हे स्पष्टच लिहिलंय. मोठ्या माणसात वरचं बीपी ९० च्या खाली, किंवा त्याच्या नेहमीच्यापेक्षा ३० टक्क्यांनी खाली, हे दोन्ही लक्षात ठेव, कारण ज्याचं बीपी कायम १६० असतं त्याचं ११० झालं तर ते आकड्यात छान दिसतं आणि आपण फसतो.

घड्याळ फार मदत करतं. पम्फ्रींच्याच २००० सालच्या अभ्यासात दगावलेल्या लोकांमध्ये श्वास किंवा हृदय थांबेपर्यंतचा साधारण वेळ, खाण्याने झालेल्यांत ३० मिनिटं, माशी किंवा कीटक डसल्याने १५ मिनिटं आणि दवाखान्यात दिलेल्या औषधाने फक्त ५ मिनिटं असा निघाला होता. म्हणजे आपल्या हातून शिरेत गेलेलं औषध हे सगळ्यात वेगवान, आणि म्हणून ते दिल्यावर पेशंट 'कसंतरीच होतंय' म्हणाला की तिथून हलायचं नाही, ड्रिप चालू असेल तर आधी बंद, नळी बदलायची, सुई मात्र काढायची नाही कारण ती शीर परत मिळेलच असं नाही. 'जीव घाबरा होतोय', 'आता मी काही वाचत नाही' हे शब्द मी आजवर कधी हसण्यावारी नेले नाहीत, काहीतरी भयंकर होणार अशी भावना हे या आजाराचं खरंखुरं लक्षण आहे, पुस्तकातसुद्धा आहे, आणि ते बीपी पडायच्या आधी येतं बऱ्याचदा.

बाकी आवाजाकडे कान दे. आवाज जड झाला, घोगरा झाला, पेशंट सारखा घसा खाकरतोय, थुंकी गिळता येत नाही, जीभ जाड झाल्यासारखी बोलतोय, हे सगळं घसा सुजत चालल्याचं. श्वास आत घेताना शिटीसारखा कर्कश आवाज आला तर वेळ फारच थोडा उरलाय. बाहेर सोडताना घरघर असेल तर छातीतल्या नळ्या आवळल्यात. बाळं बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे आत्तापर्यंत रडणारं बाळ एकदम गप्प झालं, मलूल पडलं, अंग सोडलं, लाळ गळायला लागली, रडण्याचा आवाज बसला, तर ते शांत झालंय असं समजू नकोस गं, हे मी हात जोडून सांगते.

घाबरून चक्कर येणं आणि हे, यातला फरक तुला हवा होता. नुसती भोवळ येते तेव्हा नाडी सहसा मंद असते, माणूस पांढराफटक, गार घाम, आणि आडवं केलं की एक-दोन मिनिटांत तरतरी येते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी सहसा जोरात पळत असते आणि आडवं करून पूर्ण बरं होत नाही. सहसा म्हणतेय, कारण फार खालावलेल्या पेशंटमध्ये नाडी मंदही होते, त्यामुळे नुसत्या नाडीवर पैज लावू नको. पॅनिक अटॅकमध्ये श्वास भराभर चालतो पण बीपी पडत नाही, रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, सॅच्युरेशन, चांगलं असतं, घरघर नसते. आणि एक वेगळा प्रकार, बीपीसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिलसारखी गोळी घेणाऱ्यांचे ओठ आणि जीभ काही तासांत हळूहळू सुजतात, खाज नाही, गांधी नाहीत, तिथे ॲड्रिनलिनचा फारसा उपयोग होत नाही आणि श्वासमार्ग सांभाळणाऱ्या टीमला लवकर बोलवावं लागतं. पण शंका असेल, दोन्हीपैकी काय ते कळत नसेल, तर ॲड्रिनलिन दे. स्नायूत दिलेल्या एका डोसने भोवळ आलेल्या माणसाचं फारसं काही बिघडत नाही, न दिल्याने दुसऱ्याचा जीव जातो.

आणि नातेवाईक म्हणतील की हेच औषध आधी दिलं होतं, काही झालं नव्हतं. त्याने निश्चिंत होऊ नकोस. या आजाराचं नावच त्यातून आलंय. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ कुत्र्यांना सी-ॲनिमोन या समुद्री प्राण्याचं विष टोचून बघत होते, त्यांना वाटलं होतं की लसीसारखं शरीर विषाला सरावेल, पण काही आठवड्यांपूर्वी पहिला डोस पचवलेल्या कुत्र्याला दुसऱ्यांदा थोडंसंच दिलं तर ते काही मिनिटांत मरणाच्या दारात गेलं. संरक्षणाच्या उलट, अशा अर्थाने १९०२ मध्ये त्यांनी ॲनाफिलॅक्सिस हा शब्द तयार केला, १९१३ मध्ये रिशेंना नोबेल मिळालं. पहिल्या खेपेत शरीर तयारी करतं, ॲलर्जीच्या अँटिबॉडी मास्ट सेल नावाच्या, रसायनं साठवून ठेवणाऱ्या पेशींवर जाऊन चिकटून बसतात, आणि पुढच्या कुठल्यातरी खेपेला त्या पेशी एकदम फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आणि बाकीची रसायनं ओततात. कधी ही तयारी दुसऱ्याच एखाद्या सारख्या औषधाने झालेली असते, त्यामुळे पहिल्याच वेळी झालं असंही दिसतं.

आता तुझी भीती. तू ॲड्रिनलिन फक्त हार्ट बंद पडल्यावर बघितलंस, म्हणजे १ मिलिग्रॅम, सरळ शिरेत, ढकलून. त्यामुळे ते शेवटचं औषध आहे असं तुझ्या मनात बसलंय. मांडीच्या स्नायूतलं अर्धा मिलिग्रॅम ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, ते तिथून हळूहळू रक्तात जातं. काय होतं त्याने, छातीत धडधडतं, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो, पेशंट थोडा बेचैन होतो, आणि काही मिनिटांत ओसरतं. म्हातारा असो, हृदयरोगी असो, गरोदर असो, ॲनाफिलॅक्सिस असताना ते देऊच नये असा कुणी नाही. हृदयरोग्याला ॲड्रिनलिनपेक्षा पडलेलं बीपी जास्त मारतं.

आणि फायदे बघ एकाच इंजेक्शनचे. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे बीपी वर येतं आणि घशाची सूज उतरते, हृदयाचा जोर वाढवते, छातीतल्या नळ्या मोकळ्या करते, आणि ज्या मास्ट सेल अजून रसायनं ओततायत त्यांना आवरते. हे सगळं करणारं दुसरं एकही औषध आपल्या ट्रॉलीत नाही.

डोस पाठच कर. १ एमएलमध्ये १ मिलिग्रॅम असलेलं ॲम्प्यूल, ज्याच्यावर एकास हजार असंही लिहिलेलं असतं. मोठ्या माणसाला ०.५ एमएल. मुलांना वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे घाईत हिशोब जमला नाही तर ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ०.३ एमएल आणि त्याहून लहानाला ०.१५ एमएल, तुमच्या विभागाचा तक्ता थोडं वेगळं सांगत असेल तर तक्ता पाळ. एक एमएलचीच सिरिंज घे, मोठ्या सिरिंजमध्ये एवढंसं औषध नीट मोजता येत नाही. मांडीच्या मधल्या भागात, पुढून थोडं बाहेरच्या बाजूला, सुई सरळ आत, स्नायूपर्यंत. मोठ्यांना २५ मिलिमीटरची सुई पुरते, फार स्थूल असेल तर ३८ ची. दंडात नको, कुल्ल्यात नको, कातडीखाली तर नकोच. १९९८ मध्ये मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रिनलिन सरासरी ८ मिनिटांत रक्तात सर्वांत वरच्या पातळीला पोचलं आणि कातडीखाली दिलेल्याला ३४ मिनिटं लागली, आणि ३४ मिनिटं आपल्याकडे कुठे असतात. कपडे काढण्यात वेळ जात असेल तर पातळ कपड्यावरून दिलं तरी चालतं.

एका गोष्टीची मात्र भीती असायलाच हवी. नाडी लागत असलेल्या पेशंटला ते अख्खं ॲम्प्यूल शिरेत ढकलायचं नाही. त्याने हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडतात, बीपी इतकं चढतं की मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. गडबडीत कुणी ओरडून 'ॲड्रिनलिन दे' म्हणालं तर तू मोठ्याने उलट विचार, मांडीत, अर्धा एमएल, बरोबर? आणि उत्तर ऐकूनच दे. यात कसली लाज नाही, मी अजून असंच बोलते.

साध्या इंजेक्शनचं विचारलंस ना, त्याचं उत्तर मी माझ्याच हातून झालेल्या गोष्टीने देते. मी नवीन होते, विशीतला एक मुलगा गांधीलमाशी डसली म्हणून आला, अंगभर गांधी, घशात थोडी खवखव म्हणाला. मी अँटिहिस्टॅमिन आणि स्टेरॉइड दिलं आणि बघत बसले. वीस मिनिटांत गांधी विरायला लागल्या, खाज थांबली, मी त्याच्या आईला सांगितलं सुद्धा की आता काळजी नाही, आणि मी दुसऱ्या पेशंटकडे वळले तर मागून आईची हाक, त्याचा आवाज जातोय. अँटिहिस्टॅमिनने कातडी साफ केली होती, आत घसा सुजतच होता, आणि मी बाहेरची कातडी बघून समाधान मानलं होतं. ॲड्रिनलिनचे दोन डोस दिले, सीनियरांनी तिसऱ्या प्रयत्नात कशीबशी श्वासनलिकेत नळी घातली. तो मुलगा पाच दिवसांनी चालत घरी गेला, पण त्याच्या आईचा तो चेहरा मी विसरू शकलेले नाही आणि विसरायचाही नाहीये.

तर अँटिहिस्टॅमिन खाज आणि गांधींसाठी, तेही पेशंट सावरल्यावर, आणि शक्यतो झोप न आणणारं. झोप आणणारं दिलं की पेशंट पेंगतो आणि आपल्याला कळत नाही की तो औषधाने पेंगतोय का बीपी पडून, शिवाय काही जुनी अँटिहिस्टॅमिन शिरेतून भरकन दिली तर स्वतःच बीपी पाडतात. स्टेरॉइडला काम करायला काही तास लागतात, आणि दुसऱ्यांदा येणारी रिॲक्शन त्याने टळते असा भरवशाचा पुरावा नाही. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने २०२१ च्या सूचनांत अँटिहिस्टॅमिन सुरुवातीच्या उपचारातून काढून टाकलं आणि स्टेरॉइड सरसकट द्यायचं थांबवलं. घरघर असेल तर सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन जरूर दे, पण ॲड्रिनलिन दिल्यानंतर. हे सगळं देण्यात हरकत औषधांची नाहीये, हरकत त्यात जाणाऱ्या मिनिटांची आहे.

पहिला डोस दिला की भिंतीवरच्या घड्याळात बघून मोठ्याने वेळ सांग आणि कुणालातरी लिहायला लाव. भरपूर ऑक्सिजन, मॉनिटर, जाडी सुई, आणि सलाईन धो-धो, मोठ्या माणसाला अर्धा ते एक लिटर दाबून, मुलांना किलोमागे १० एमएल, आणि परत बघून परत. तुझ्या बाईंना दोन लिटर लागलं म्हणजे काही जगावेगळं झालं नाही, कधी त्याहून जास्त लागतं. पाच मिनिटांनी परत बघायचं, सुधारणा नसेल तर दुसरा डोस, आणि दोन डोस देऊनही बीपी किंवा श्वास सावरत नसेल तर ॲड्रिनलिनचं ड्रिप पंपावर लावायची वेळ आली, तिथे अनुभवी डॉक्टर आणि आयसीयूची टीम हवी, ते एकट्याने करायचं काम नाही. पेशंट बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आवरणाऱ्या बीपीच्या गोळ्या, घेतो का हे नातेवाइकांना विचार, त्या गोळ्या ॲड्रिनलिनचा मार्ग अडवून धरतात, अशा वेळी ग्लुकागॉन शिरेतून सावकाश देतात, मोठ्यांना १ ते ५ मिलिग्रॅम, त्याने उलटी होते म्हणून कुशीवर वळवायची तयारी ठेवायची.

नर्सने डॉक्टरांच्या तोंडी ऑर्डरशिवाय पहिला डोस द्यायचा का, याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे. उद्याच ड्युटीवर गेलीस की इन्चार्जना विचार की ॲनाफिलॅक्सिससाठी लेखी कायमची ऑर्डर आहे का. नसेल तर ती करून घ्या, तुमच्या सीनियर मॅडम मदत करतील असं तुझ्या पत्रावरून वाटतं. आणि ट्रॉलीत एक छोटा डबा वेगळा कर, त्यात दोन ॲम्प्यूल, एक एमएलच्या दोन सिरिंज, दोन सुया, आणि झाकणाच्या आत वयानुसार डोसचा कागद चिकटवलेला. आम्ही हे केल्यावर शोधाशोध थांबली, आणि शोधाशोध थांबली की निम्मी भीती जाते.

सावरल्यावर लगेच घरी सोडायचं नसतं, कारण काही जणांना, साधारण २० पैकी एकाला, परत कशाच्याही संपर्कात न येता दुसरी लाट येते, बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत, पण ७२ तासांपर्यंतही. एका डोसने पटकन बरा झालेला पेशंट किमान दोन तास, दोन डोस लागले असतील तर किमान सहा, आणि त्याहून जास्त लागले किंवा तीव्र दम्याचा रुग्ण असेल, घरून परत यायला अडचण असेल तर बारा तास तरी. रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट सेलमधून सुटणारं द्रव्य, तपासायला पाठवायचं, लक्षणं सुरू झाल्यापासून शक्यतो एक-दोन तासांत, चार तासांच्या पुढे नाही, उपचार थांबवून मात्र नाही. आणि घरी जाताना, परत संपर्क येण्याची शक्यता असलेल्याला ॲड्रिनलिनचं ऑटोइंजेक्टर, एक नव्हे दोन, मांडीवर दाबून कसं द्यायचं ते त्याच्याकडूनच करून बघून.

त्या बाईंसमोर कशी जाऊ विचारलंस. जा. तूच टाके काढ, जमलं तर. त्यांना काय झालं होतं हे तुझ्या शब्दांत सांग, उठवून बसवल्याचंही सांग, तुमच्या मॅडमशी आधी बोलून घे आणि दोघी मिळून सांगा. लोकांना खरं सांगितलेलं कळतं. त्या चिडल्या तर चिडू देत, तो त्यांचा हक्क आहे.

जायच्या आधी त्यांचा कागद मात्र नीट बघ. 'औषधाची ॲलर्जी' एवढंच लिहिलं असेल तर त्याचा उपयोग शून्य, औषधाचं नाव हवं, दिल्याची वेळ हवी, लक्षणं कितव्या मिनिटाला सुरू झाली ते हवं. ट्रिप्टेजचा दुसरा नमुना, बरं झाल्यावर २४ तास उलटून गेल्यावरचा, घेतलाय का बघ, नसेल तर त्याच दिवशी घेता येईल, त्याच्याशी तुलना केल्याशिवाय पहिल्या आकड्याचा पुरता अर्थ लागत नाही. ॲलर्जी तज्ज्ञांकडे पाठवल्याची चिठ्ठी आहे का ते बघ.

आणि अजून एक, हे फार जणांच्या नजरेतून सुटतं. आपण सगळे धरून चाललोय की अँटिबायोटिकने झालं, आणि बहुधा तसंच असेल, पण त्या अर्ध्या तासात त्यांच्या अंगाला अजून काय काय लागलं होतं आठव. बधिर करायचं इंजेक्शन, तुमचे हातमोजे लॅटेक्सचे होते का, जखम कशाने धुतली. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने ॲनाफिलॅक्सिस होतो आणि ते जिथे-तिथे असतं म्हणून कुणाला त्याचा संशय येत नाही. हे सगळं तज्ज्ञांच्या चिठ्ठीत लिही. आणि तपासणी होईपर्यंत त्यांच्यासाठी लॅटेक्स नसलेले मोजे घाल, टाके काढताना त्यांना आडवंच झोपव, आणि जखम क्लोरहेक्सिडिनने पुसू नकोस, साध्या सलाईनने पूस.